नालबंदी आणि लोहारकामाला सांडशी कोणती घ्यायची आणि कशी धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की घरामागं गॅसची छोटी भट्टी बसवलीय, ट्रकच्या कमानपाट्यातून सुऱ्या आणि कोयते करायचेत, दारात दोन घोड्या आहेत, नालबंद दीड महिन्यानं येतो त्याच्या हाताखाली नाल वळवायलाही शिकायचंय, तर ऑनलाइन मिळतो तो सहा सांडश्यांचा सेट घ्यावा का आणि नालाची सांडशी वेगळी असते का.

सरळ उत्तर आधी देतो. सेट घेऊ नका. दोन सांडश्या घ्या, एक सपाट पट्टीसाठी आणि एक नालासाठी, आणि तिसरी स्वतः बनवा. आणि हो, नालाची सांडशी वेगळी असते. त्या सहातल्या तीन-चार तुम्हाला कधीच लागणार नाहीत आणि ज्या लागतील त्या तुमच्या मालाच्या जाडीला बसतीलच याची खात्री नाही, कारण सांडशी ही कुठल्या तरी एका जाडीसाठीच असते, हे दुकानदार सांगत नाही आणि नव्या माणसाला कळायला फार वेळ लागतो.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा की गरम लोखंड धरून ठेवतो तो जबड्याचा आकार. हाताचा जोर नंतर येतो. तरफेचा साधा हिशेब बघा. रिव्हेटपासून, म्हणजे दोन्ही अर्धे जोडणाऱ्या खिळीपासून, जबड्याचं टोक ५ सेंमी आणि दांड्यांवर तुमचा हात ३५ सेंमीवर असेल तर हाताचा जोर जबड्यावर सातपट होऊन जातो, म्हणजे १० किलोचा दाब दिलात तर तिकडं ७०. हा दाब कामाला भरपूर झाला. पण तो पट्टीच्या पूर्ण तळावर पसरला तरच पट्टी हलत नाही. जबडा जर फक्त टोकाला टेकत असेल किंवा फक्त मागं रिव्हेटजवळ टेकत असेल तर पट्टी त्या एका रेषेवर झुलायला लागते, घाव बसला की ती फिरते, मग माणूस अजून जोरात आवळतो, मनगट दुखायला लागतं, संध्याकाळी कोपर धरतं आणि तो म्हणतो लोहारकाम अवघड आहे. अवघड काही नाही, सांडशी बसत नाहीये. मी नवीन पोरांचे हात बघतो तेव्हा पहिलं हेच बघतो, बोटांची पेरं पांढरी पडलीत का, पडली असतील तर मी त्यांची सांडशी काढून घेतो आणि जबडा बघतो, हातोडा नंतर.

म्हणून दुकानात जाताना खिशात मालाचा तुकडा घेऊन जा. तुम्ही ८ मिमीची पट्टी वापरणार असाल तर ८ मिमीचा, नालासाठी १० मिमी म्हणजे जुन्या भाषेत तीन सूत वापरणार असाल तर तीन सुताचा. तुकडा जबड्यात धरा, उजेडाकडं करून बाजूनं बघा. जबड्याच्या दोन्ही बाजू पट्टीला मागून पुढपर्यंत टेकल्या पाहिजेत, फट दिसता कामा नये. पुढच्या टोकाला फट असेल तर ती सांडशी तुमच्या मालापेक्षा बारीक मालासाठी बनलीय, मागं फट असेल तर जाड मालासाठी. मग दांड्या बघा. पट्टी धरलेली असताना दोन दांड्यांमध्ये हाताच्या जागी साधारण एक ते दोन बोटं अंतर पाहिजे. दांड्या एकमेकींना टेकल्या तर आवळायला जागाच उरली नाही, आणि अंतर मूठभर झालं तर पंजा पसरून धरावी लागते आणि तासाभरात हात जातो. शेवटी दांड्या दाबून बघा, थोड्या लवचिक पाहिजेत, दाबल्या की किंचित वाकून परत यायला हव्यात, ती लवच घावाचा धक्का खाते. पहारेसारख्या जाड दांड्यांची सांडशी मजबूत दिसते पण प्रत्येक घाव सरळ तुमच्या कोपरात येतो.

जबड्यांचे प्रकार खूप आहेत पण तुमच्या कामापुरतं सांगतो. सपाट जबडा सगळीकडं मिळतो आणि सगळ्यात जास्त घात तोच करतो, कारण सपाट जबड्यात पट्टी उभ्या दिशेनं धरली जाते पण आडवी सरकायला मोकळी असते. पाट्याच्या कामाला सपाट जबड्यालाच दोन्ही बाजूंना छोट्या कडा वर काढलेल्या असतात तसली सांडशी घ्या, पट्टी त्या कडांमध्ये बसते आणि डावीउजवीकडं हलतच नाही. एकच अडचण, ती पट्टीच्या रुंदीलाही बांधलेली असते, ४० मिमी रुंदीची सांडशी ५० च्या पाट्याला चालत नाही, तर पाटा आधी उभा कापून एका रुंदीचे तुकडे करून घ्या म्हणजे एकीत काम भागतं. गोल आणि चौकोनी सळईला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला जबडा पाहिजे, त्यात सळई चार रेषांवर टेकते आणि लांब सळई असेल तर ती खाचेच्या मागच्या पोकळीतून जाते. गोल सळई सपाट जबड्यात धरून घाव घालणं हा प्रकार करूच नका, सळई लाटण्यासारखी फिरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या घावाला सटकून उडते. उडालेला १००० डिग्रीचा तुकडा कुठं जाईल ते कुणाच्या हातात नसतं. बाकी लांब चोचीची, वाकड्या मानेची, हातोडीच्या डोळ्यात घालायची, अशा सांडश्या त्या त्या कामाला असतात, तसलं काम निघालं की बघू.

आता नालाची सांडशी, कारण तुमचा खरा प्रश्न तिथं आहे. लोहार एकदा पकडलेला तुकडा बराच वेळ एकाच जागी धरून ठोकतो. नालबंदाचं तसं नाही. सरळ पट्टी मधोमध तापवली, एका टोकाला धरून ऐरणीच्या शिंगावर पुढचा बाक काढला, परत तापवलं, एक फांदी म्हणजे नालाची एक बाजू वळवली, मग त्या वळवलेल्या फांदीला धरून दुसरी, मग बाकालाच धरून दोन्ही टाचा सारख्या केल्या, मग पलटी मारून सपाटी बघितली. एका नालामागं पकड दहा-बारा वेळा बदलते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या कोनातनं, आणि तोवर लोखंड थंड होत चाललेलं असतं. त्यामुळं नालाच्या सांडशीचा जबडा आखूड, बोथट आणि बाहेरून गोलसर असतो, साधारण बोटभर, म्हणजे बाकाच्या आतल्या बाजूला सुद्धा तो अडत नाही. लांबी एकूण १४-१५ इंच. जबडा लांब असला की वळलेल्या नालाच्या पोटात तो मावत नाही आणि तुम्ही कुठंतरी कडेला धरून काम चालवता. आणि ती जाडीप्रमाणं विकली जाते, अडीच सूत म्हणजे ८ मिमीची आणि तीन सुताची, या दोन सगळ्यात जास्त चालतात. तुमच्या घोड्यांचे जुने नाल नालबंदानं काढले की टाकून देऊ नका, टाचेजवळ जिथं घासलेलं नसतं तिथं जाडी मोजा, तेवढ्या जाडीची सांडशी घ्या.

एक गोष्ट मात्र फार जण चुकीची समजतात. गरम नाल खुराला टेकवून बघायचा असतो तेव्हा तो सांडशीत धरून नेत नाहीत. टोकदार सुंभा, म्हणजे भोकं पाडायचं हत्यार, खिळ्याच्या भोकात ठोकून बसवायचा आणि त्या सुंभ्यावर नाल उचलून न्यायचा. कारण साधं आहे. सांडशीचा जबडा नालाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही अंगांना असतो, म्हणजे खूर आणि नाल यांच्या मधेच येतो, नाल सपाट टेकत नाही. शिवाय दोन लांब दांड्या घोड्याच्या पायाजवळ हलत राहतात आणि घोडं पाय ओढून घेतलं की सगळं एकदम खाली पडतं. नाल लाल असताना टेकवायचा नाही, लाली गेल्यावर, काही सेकंदच, नुसता डाग उठला पाहिजे म्हणजे कुठं टेकतोय कुठं नाही ते दिसतं. धूर बराच निघतो, तुमच्या घोड्यांना याची सवय नसेल तर पहिल्यांदा दुसऱ्या कुणालातरी तोंडाशी उभं करा आणि धूर घोडीच्या नाकाकडं जाणार नाही अशा बाजूला उभं राहा.

सांडशी मालाला बसवून घेणं, हे काम शिकलात तर अर्धे प्रश्न संपले, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. समजा तीन सुताच्या नालाला सांडशी बसवायची आहे आणि घेतलेली सांडशी टोकाला फट दाखवतेय. तीन सुताच्या पट्टीचा थंड तुकडा बोटभर लांब कापून ऐरणीजवळ ठेवा, आणि दोन दांड्यांच्या मध्ये घालायला १५ मिमीच्या आसपास जाडीचा एक लोखंडी ठोकळा. आता सांडशीचे फक्त जबडे भट्टीत घाला, रिव्हेटपर्यंत आच जाऊ देऊ नका, नाहीतर रिव्हेट मऊ पडून ढिलं होतं. जबडे नारंगी झाले की बाहेर काढा, थंड तुकडा जबड्यात नीट मधोमध बसवा, दांड्यांमध्ये ठोकळा घालून दांड्या दाबा आणि जबडा ऐरणीवर ठेवून वरून हलके हलके चार-पाच घाव द्या, उलटा करून परत चार-पाच. जबडा मऊ आहे, तो थंड तुकड्याचा आकार घेतो. उजेडात बघा, फट गेली का. नसेल तर परत तापवा, थंड लोखंडावर घाव घालत बसू नका. जबडा झाला की दांड्या. त्यांच्यातलं अंतर जास्त असेल तर रिव्हेटच्या जरा मागं तापवून दोन्ही सारख्या आत वाकवा. एकच दांडी वाकवली तर सांडशी तिरकी बंद होते आणि धरल्यावर मनगट कायम एका बाजूला वळलेलं राहतं, हे हातात आल्यावर लगेच जाणवत नाही पण रोजच्या कामात फार छळतं. मग सांडशी हवेत आपोआप गार होऊ द्या. हवेत म्हणजे हवेतच, पाण्यात नाही.

पाण्याचं का सांगतोय ते ऐका. सांडशी साध्या एमएसची, म्हणजे मऊ पोलादाची असेल तर लाल जबडा पाण्यात बुचकळला तरी फारसं बिघडत नाही, त्यात कार्बनच कमी असतो. पण बाजारात ईएन-८ नावाच्या पोलादाच्या सांडश्या येतात, त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो, आणि गावाकडं कमानपाट्याच्या केलेल्या पण मिळतात, त्यात तर त्याहून जास्त. असली सांडशी लालबुंद असताना पाण्यात घातली की जबड्याला पाणी चढतं, तो कडक होतो आणि ठिसूळ होतो, दिसायला काहीच फरक नाही, आणि मग एखाद्या दिवशी भर घावात जबडा मुळातून तुटतो आणि गरम काम हवेत. म्हणून सवयच अशी लावा की सांडशी काळी असताना वरचेवर पाण्यात बुडवायची आणि लाल होऊच द्यायची नाही. भट्टीत काम तापत असताना सांडशी त्याच्यासोबत आत ठेवायची नाही, काम ठेवायचं आणि सांडशी बाहेर काढायची. गॅसच्या भट्टीत तोंडातून झळ बाहेर येत राहते, तिथं सांडशी धरून उभं राहिलात तरी दोन मिनिटात जबडा लाल होतो, कोळशाच्या भट्टीपेक्षा गॅसला हा त्रास जास्त. आणि काळी सांडशी म्हणजे गार सांडशी असं समजू नका, ३००-४०० डिग्रीचं लोखंड दिवसाउजेडी पूर्ण काळंच दिसतं. खाली पडलेली सांडशी उचलताना आधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन झळ बघायची. ओलं हातमोजं घालून तर कधीच उचलायची नाही, ओल्याची वाफ होते आणि मोजा काढेपर्यंत हात भाजून निघतो.

आता धरायची पद्धत. पकड घेतल्यावर पहिला घाव जोरात घालायचा नाही. काम ऐरणीवर टेकवायचं, हातोडीनं टकटक दोनदा हलकं वाजवायचं, काम ऐरणीला सपाट बसलंय की नाही ते आवाजावरून आणि हाताला लगेच कळतं, अधांतरी असेल तर सांडशीत झिणझिण येते, तेव्हा सांडशी वर किंवा खाली करून ते सपाट बसवायचं आणि मगच घाव. सांडशीच्या दांड्या पोटासमोर कधीही नकोत. काम फिरलं किंवा घाव कडेला बसला तर दांड्या उसळतात आणि सरळ पोटात घुसतात. दांड्या मांडीच्या बाहेरच्या बाजूनं गेल्या पाहिजेत, म्हणजे उसळल्या तरी हवेत जातील. हाताचा अंगठा दांडीवर लांब ठेवा, मूठ आवळून नको, आणि दोन दांड्यांच्या मध्ये करंगळी किंवा दुसरं कुठलं बोट घालू नका, काही जण सांडशी उघडायला सोपी जाते म्हणून बोट मध्ये ठेवतात, घसरली की ते बोट चेपतं.

खूप वेळ एकच पकड ठेवायची असेल, म्हणजे सुरीचं पातं ओढताना वगैरे, तर दांड्यांवर कडी सरकवा. सळईची वळवलेली साधी लांबट कडी, दांड्या मागं निमुळत्या बाहेर जातात त्यामुळं कडी मागं ओढली की आवळत जाते आणि हाताला फक्त दिशा द्यायची उरते. सांडशीच्या दोन दांड्या जिथं पसरतात त्या मापाच्या दोन-तीन कड्या करून खिळ्याला लावून ठेवा. नालाच्या कामात कडी नको, तिथं पकड सारखी बदलायची असते.

हात कसा चालतो हे बघायचं असेल तर घिसाडी लोक रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेले असतात तिथं अर्धा तास जाऊन उभे राहा, खुरपं नाहीतर कुऱ्हाड करून घ्या आणि बघा. बाई उभी राहून घण मारते, माणूस खाली बसून डाव्या हातात सांडशी धरतो आणि उजव्या हातात छोटी हातोडी, तो जिथं हातोडी टेकवतो तिथं घण पडतो. त्याचा डावा हात बघा. घण खाली यायच्या आत काम ऐरणीला सपाट लागलेलं असतं, घण वर गेला की त्या क्षणात काम पाव वळसा फिरतं, परत सपाट. आवळाआवळ कुठंही नाही. घणाचा घाव आपल्या हातोडीच्या कितीतरी पट असतो आणि तरी काम सटकत नाही, कारण सांडशी त्या मालाला बसवलेली आहे आणि काम ऐरणीवर नीट टेकलेलं आहे. बसून काम करणाऱ्यांच्या सांडश्या आखूड असतात, ऐरण जमिनीलगत आणि काम हाताजवळ असतं म्हणून, तुम्ही उभ्यानं करणार असाल तर त्या मापाची नका घेऊ, झळ हातावर येईल.

तुमच्यासारख्या नव्या माणसाला मी अजून एक सांगतो, सुरुवातीचे काही महिने सांडशी जितकी टाळता येईल तितकी टाळा. दोन-अडीच फूट लांब सळई किंवा पट्टी घ्या, एक टोक तापवा, दुसरं टोक हातात धरा. हूक, खुंटी, सुंभा, छिन्नी, सगळं लांब मालाच्या टोकावर करता येतं आणि झालं की शेवटी कापून घेता येतं. हाताला थेट कळतं लोखंड कसं हलतं ते. कमानपाट्याचा आखूड तुकडा असेल तर त्याच्या मागं साध्या सळईचा फूट-दीड फूट दांडा वेल्डिंग करून घ्या, पातं तयार झालं की कापून टाका. फक्त दांड्याला टीएमटी सळई वापरू नका, तिचं बाहेरचं कवच कडक केलेलं असतं आणि वेल्डच्या शेजारी ती तुटू शकते. नालाला मात्र ही सोय नाही, तिथं सांडशी लागतेच.

अजून एक नड लवकरच येईल, नालाला भोकं पाडताना. एका हातात हातोडी, एका हातात सुंभा, मग सांडशी कोण धरणार? जोडीला माणूस असला तर प्रश्न नाही. एकटे असाल तर मोटरसायकलची जुनी चेन घ्या, एक टोक ऐरणीच्या ठोकळ्याला मागं बांधा, चेन ऐरणीवरून पुढं आणा आणि पुढच्या टोकाला चार-पाच किलो वजन लटकवा. नाल चेनखाली सरकवला की जागचा हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे. चेन लोखंडाचीच असल्यामुळं जळत नाही.

तिसरी सांडशी स्वतः बनवा म्हटलं ती अशी. २५ बाय १० ची एमएसची पट्टी, दोन तुकडे, प्रत्येकी दीड फूट. प्रत्येक तुकड्यावर रिव्हेटची जागा ठरवा, तिच्या पुढं पट्टीला पाव वळसा पिळा द्यायचा म्हणजे जबडा आडवा होतो, मागं परत पाव पिळा म्हणजे दांडी आडवी होते, मधला रिव्हेटचा भाग तसाच राहतो. इथं सगळ्यांचा घोळ होतो तो म्हणजे लोक एक डावा आणि एक उजवा असे दोन अर्धे करतात. दोन्ही अर्धे अगदी एकसारखे पाहिजेत, पिळा पण एकाच दिशेनं. एकावर एक उलटे ठेवलेत की सांडशी आपोआप जमते. दांड्या ठोकून निमुळत्या करा, मागच्या टोकाला ८ मिमीपर्यंत आणल्या तरी चालतात. रिव्हेट १० मिमीचं, एका बाजूला डोकं केलेलं, आणि दोन्ही पट्ट्यांतून आरपार गेल्यावर दुसरं डोकं करायला १५ मिमी बाहेर उरलं पाहिजे, म्हणजे जाडीच्या दीडपट. रिव्हेट पिवळं तापवून घाला, पटकन ठोका. ठोकल्यावर सांडशी जाम होणार, घाबरू नका, सगळा सांधा परत लालसर तापवा आणि गार होत असताना सारखी उघडझाप करत राहा, पूर्ण काळी होईपर्यंत, सांधा मोकळा होतो. नट-बोल्ट लावू नका, घावाच्या धक्क्यानं नट फिरतो आणि पकड ढिली होत जाते ते लक्षात येत नाही.

जुनी सांडशी घ्यायला हरकत नाही, उलट मी तेच सुचवीन. पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात बघा, चांगल्या घडीव सांडश्या मिळून जातात. तिथं तीन गोष्टी बघा. रिव्हेटजवळ केसासारखी बारीक रेघ असेल तर ती चीर आहे, ती घेऊ नका. जबड्यावर खड्डे-पोपडे असतील तर तो भट्टीत जळून गेलाय, पण थोडं असेल तर ठोकून सारखं होतं. आणि चकचकीत पांढऱ्या मुलाम्याची असेल तर तो जस्ताचा असू शकतो, तसली सांडशी किंवा जस्ती पाइप भट्टीत घालायचाच नाही. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं, आपली भट्टी त्याच्या वर असते, त्या पांढऱ्या धुरानं काही तासांनी थंडी वाजून ताप येतो आणि छाती भरून येते.

आता घोड्याकडची हत्यारं. दिसायला ती पण सांडशीच्याच घराण्यातली, रिव्हेटवर फिरणारे दोन जबडे, पण ती भट्टीच्या कामाला अजिबात वापरू नका आणि भट्टीची सांडशी घोड्याला वापरू नका. नाल काढायच्या पकडीचे जबडे गोलाकार आणि धारेचे असतात, ते नाल आणि खुराच्या मधे शिरतात. आधी वळवलेले खिळे कानसेनं घासून किंवा छिन्नीनं सरळ करून घ्यायचे, मग टाचेपासून सुरुवात, एकदा या बाजूची टाच, एकदा त्या बाजूची, आणि पकड खाली दाबताना जोर खुराच्या आतल्या बाजूला, तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाच्या, म्हणजे फ्रॉगच्या दिशेनं. बाहेरच्या बाजूला ओढलंत तर खुराची कड खिळ्यांसकट फाटून येते आणि पुढच्या वेळी खिळा मारायला भिंतच उरत नाही. साध्या सांडशीनं नाल ओढणारे लोक बघितलेत, सांडशीचा जबडा खुराच्या तळव्यात रुततो, घोडं दुखावतं आणि पुढच्या वेळी पाय देत नाही. खूर कापायची पकड वेगळी, तिची धार फार बारीक लावलेली असते, तिनं खिळा कापला की धारेला खाच पडते आणि मग ती खूर कापत नाही, चेंगरते. खिळे वळवायची पकड वेगळी. आणि खूर दाबून दुखरी जागा शोधायची पकड असते ती डॉक्टरांच्या हातात राहू दे, दुखणं सापडलं तर पुढं काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं.

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसच्या घोड्यांना ॲल्युमिनियमचे पातळ नाल असतात, ते बघून तुम्हाला मोह होईल म्हणून सांगतो. ते शक्यतो गार असतानाच ठोकून बसवतात. ॲल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतं आणि त्याआधी लाल वगैरे काही होत नाही, सांडशीत धरलेला नाल बघता बघता लोळागोळा होऊन खाली पडतो, आणि लोखंडाची धारदार कडांची सांडशी त्याच्यावर वळ उठवते. तुमच्या घोड्या रस्त्यावर आणि मुरमावर चालणार, त्यांना लोखंडच बरं. बैलाच्या पत्रीचं काम परत निराळं, बैलाचा खूर दुभंगलेला असतो म्हणून एका पायाला दोन पातळ पत्र्या, त्या गारच कापून ठोकतात, तिथं हलक्या पकडीनं काम होतं, नालाच्या सांडशीचा काही संबंध येत नाही. बाजारात दोन्ही शेजारी शेजारी टांगलेल्या असतात म्हणून सांगितलं.

देखभालीला फार काही नाही. काम संपल्यावर सांध्यात तेलाचा एक थेंब, पावसाळ्यात दांड्यांना पण हात फिरवा. भट्टीच्या कामात तापलेल्या लोखंडावरून सुटणाऱ्या खवल्या सांध्यात जातात आणि सांडशी कुरकुर करायला लागते, तेव्हा तेल ओतत बसू नका, तेल आणि खवली मिळून लेप होतो. सांधा तापवा, उघडझाप करा, खवल्या गळून पडतील. रिव्हेट ढिलं झालं असेल तर त्याचं डोकं ऐरणीवर टेकवून दुसऱ्या बाजूनं दोन-तीन घाव, थोडं थोडं, मधे उघडून बघत. किती घट्ट हवं? सांडशी एका दांडीला धरून उभी केली तर दुसरी दांडी स्वतःच्या वजनानं सावकाश खाली यायला पाहिजे. धाडकन पडली तर ढिली आहे, हवेत लटकून राहिली तर घट्ट आहे.

घोड्यांच्या नालाची जाडी मोजलीत की इथंच लिहा, आणि पाट्याची रुंदी पण, म्हणजे सांडशी कुठल्या मापाची बघायची ते नक्की सांगतो. नालबंद पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याची सांडशी हातात घेऊन बघायला मागा, त्याच्या नालाच्या पट्टीवर ती कशी बसलीय ते उजेडात धरून बघा, आणि तो हो म्हणाला तर एक नाल पूर्ण होईपर्यंत नुसतं त्याच्या डाव्या हाताकडं लक्ष ठेवा.